कळमेश्वरहून लागणारा दिवा

मी माझ्या बापाच्या घराचा दरवाजा सब्बल घालून फोडलेला आहे. अगदी भर गल्लीत, ऐन दिवेलागणीला. माणसं बघत होती, सब्बलही त्यातल्याच एकाची होती. आणि हे सगळं कशापायी, तर एका बल्बापायी.

चहा घ्या, गार होईल. सगळं सांगतो, पण एक अट आहे. मधेच कोणी "अरे, पण तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न बायकोनं विचारून झालाय, शेजारणीनं विचारून झालाय, आणि दाढी करताना आरशातला माणूस अजूनही विचारतो.

तर माझं असं आहे. मी नोकरीला कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत. कारखान्यात माल तपासायचं खातं माझ्याकडे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. बायको वर्षा तिथल्याच शाळेत शिकवते, म्हणून बिऱ्हाडही तिथंच. बाबा मात्र नागपुरात, गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत, आपल्या घरी. आम्ही मूळचे विणकर. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, बाबा आधी तेच करायचे आणि नंतर पॉवरलूमवर गेले. माग बंद होऊन जमाना झाला, पण बाबांच्या बोलण्यातला माग काही थांबलेला नाही. कोणी नवा शर्ट घालून आला तर बाबा आधी त्याची बाही चिमटीत धरून चोळतात, मग त्याची विचारपूस करतात.

आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून बाबा एकटे. मी कितीदा म्हटलं, चला आमच्याकडे.

"तिथं येऊन काय करू गा?" बाबा म्हणायचे. "तू कारखान्यात, सून शाळेत. मी काय पंख्यासंग बोलू?"

मी रविवारी फोन करायचो आणि जमेल तेव्हा जायचो. आता 'जमेल तेव्हा' म्हणजे कधी, ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचेही आईबाप कुठं ना कुठं आहेतच.

एके दिवशी शेजारच्या कमलाकाकूंचा फोन आला. ह्या काकू आईच्या मैत्रीण. दोघींची भिंत एक आणि भांडणाचा नळही एक.

"प्रमोद, रागावू नको बाप्पा, पण तुह्या कानावर घालणं आलं," काकू म्हणाल्या. "तुहे बाबा सांजच्याले अंधारात बसून राह्यते. दिवाच लावत नाई. विचारलं तं म्हणते, लावतो, लावतो. अन् तसेच बसते."

अंधारात बसणं म्हणजे काही आजार नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरी ते फार मोठं होतं. आई असताना दिवेलागणीचा नेम ठरलेला. आधी देवाजवळ निरांजन, मग बैठकीचं बटन, मग ओसरीचं. आणि दिवा लागला की हात जोडायचे, मग तो तेलाचा असो की विजेचा. बटन तीच दाबायची. आमच्यापैकी कोणी आधी दाबलं तर ती रागवायची नाही, पण दिवा बंद करून पुन्हा स्वतःच्या हातानं लावायची आणि हात जोडायची. तिन्हीसांजेला घर अंधारात दिसलं तर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, असं तिचं म्हणणं. आता त्याच उंबऱ्याच्या आत बाबा अंधारात बसून होते. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटल्यावर माणूस काय करतो? शहाणा असेल तर उठतो, गाडीला किक मारतो आणि बापाकडे जातो. मी मोबाईल उघडला.

मोबाईलमध्ये एक जाहिरात माझी वाटच बघत होती. म्हणे, जगाच्या पाठीवर कुठूनही आपल्या घरचे दिवे लावा. मी म्हटलं, जग राहू द्या, मला कळमेश्वरहून लावायचे आहेत. बाबांनी उठायला नको, बटन शोधायला नको. सूर्य मावळला की घर आपोआप उजळलं पाहिजे. आईचं काम आता मोबाईल करील. हे वाक्य मी वर्षाला मोठ्या अभिमानानं ऐकवलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिथंच मी थांबायला हवं होतं.

आधी मी मागवलं एक हुशार बटन. म्हणजे भिंतीतलं जुनं काढायचं आणि हे बसवायचं, दिवा मात्र आधीचाच, साधा. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं बोर्ड उघडला आणि आत तोंड घालून म्हणाला, "ह्याले न्यूट्रल लागते. बोर्डात न्यूट्रलची तारच नाई. भिंत फोडा लागन."

भिंत म्हटल्यावर बाबा खुर्चीतून उठले. त्या बोर्डाच्या बाजूला आईच्या हाताचे कुंकवाचे ठसे आहेत, माझ्या लग्नात उमटवलेले. दरवेळी रंग देताना बाबा रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावतात.

"भिंतीले हात लावाचा नाई," बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

ते बटन परत गेलं आणि हुशार बल्ब आला. ह्याला भिंतीतलं काहीच लागत नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. ते खरंच होतं म्हणा. पण होल्डर चुडीचा लागतो, हे त्याच खोक्याच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरात. आमच्या घरातले सगळे होल्डर पिनवाले. आपल्याकडे बल्ब दाबून फिरवायचा, हा तर झाकणासारखा आट्यांनी बसणारा. मग मी लकडगंजापर्यंत हिंडून पिनेचा चुडी करणारा जोड आणला. जोड लावला तर बल्ब एवढा खाली लोंबला की वरची काचेची टोपी बसेना. टोपी काढून ठेवली.

मग वायफाय. बाबांकडे ते नव्हतंच. ज्या घरात रेडिओसुद्धा फक्त बातम्यांपुरता लागतो, तिथं मी इंटरनेट घेतलं. यंत्र आलं, त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि बल्ब काही जागचा हलेना. दुपारभर तो मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखा नुसता उघडझाप करत होता. शेवटी कळलं की ते यंत्र दोन तऱ्हेचं वायफाय सोडतं, एक वेगवान आणि एक सावकाश. बल्बाला चालतं फक्त सावकाशवालं, आणि माझा फोन वेगवानवर चढून बसलेला. मी फोनला खाली उतरवलं. मग बल्ब म्हणाला, आधी तुमचं ठिकाण सांगा.

बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

"बल्बाले तुहा पत्ता काहून पाहिजे गा?"

"बाबा, तशी परवानगी द्यावी लागते."

"बल्बाले?"

"बल्बाला."

"तुह्या मायनं बटन दाबलं का लागे," बाबा म्हणाले. "तिले तं बल्बानं कधी पत्ता नाई विचारला."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कारण तेवढ्यात वीज गेली, आणि वीज गेली की वायफाय जातं, आणि ते परत उठेपर्यंत बल्ब आपल्याला ओळखत नाही, हे मला त्याच वेळी कळत होतं. म्हणून त्या यंत्रासाठी वेगळी बॅटरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण एकदा मसाला वाटायला घेतला की पाटा सोडवत नाही. मी एकाचे तीन बल्ब केले. बैठक, ओसरी आणि स्वयंपाकघर.

आणि ते लागले. दुसऱ्या दिवशी कळमेश्वरहून, कारखान्याच्या कँटीनमध्ये उभं राहून, मी बोटानं दिवा लावला. लगेच बाबांना फोन केला.

"लागला का?"

"लागला," बाबा म्हणाले.

माझे डोळे भरून आले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटलं, भजं तिखट लागलं.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. ह्या बल्बाची एक शेवटची अट होती. भिंतीवरचं बटन कायम चालू ठेवायचं. ते बंद केलं की बल्बाची वीजच तुटते, मग मोबाईलला तो सापडत नाही. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मी बाबांना बोर्डासमोर उभं करून हे शिकवलं.

"म्हणजे बटन कामाचंच नाई?" बाबा म्हणाले.

"कामाचं आहे, पण त्याला हात लावायचा नाही."

"अन् बंद केलं तं?"

"तर मला लगेच कळतं. इथं फोनवर लाल अक्षरात येतं, की बल्ब सापडत नाही."

"तिथं? कळमेश्वरले?"

"हो, कळमेश्वरला."

बाबांनी जरा वेळ बटनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पॉवरलूमवर असंच राहे. माग चालू असला का कोणी ढुंकून पाहत नाई. थांबला का जॉबर धावत येते."

जॉबर म्हणजे बिघडलेला माग सुरू करून देणारा माणूस. मी म्हटलं, हो हो, तसंच काहीतरी. बाबांची कुठलीही गोष्ट शेवटी पॉवरलूमवर जाऊन थांबते, त्यामुळे मान हलवायची आणि कान बंद ठेवायचे, ही माझी जुनी सवय आहे. माणसानं कान उघडे ठेवावेत. हे मी आता सांगतोय.

पुढच्याच दिवशी संध्याकाळी फोनवर लाल अक्षरं. बैठकीतला बल्ब सापडत नाही. मी फोन लावला. बाबांनी पहिल्या घंटीला उचलला.

"बाबा, बटन बंद केलं का?"

"हाव. हात गेला."

"चालू करा."

"करतो. जेवला का तू?"

मी सांगितलं, अजून नाही. मग ते वर्षाचं विचारू लागले, मग कारखान्याचं, मग कळमेश्वरला थंडी पडली का ते. मग त्यांनी मला सांगितलं की कमलाकाकूंच्या घरी नातीला बघायला पाहुणे आले होते आणि मुलाची पँट टेरिकॉटची होती. मी म्हटलं, बाबा, बटन. ते म्हणाले, हाव, करतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी हैराण झालो. पण मला आश्चर्य वाटलं नाही, कारण बाबांची बटन बंद करायची खोड मला लहानपणापासून माहीत होती. आम्ही खोलीतून बाहेर पडायच्या आत ते दिवा बंद करायचे. एकदा तर मावशी आत न्हात असताना त्यांनी न्हाणीघराचा दिवा बंद केला होता. तेव्हा माझं निदान पक्कं झालं. जन्माची काटकसर आहे, ती हातातच बसलीय. त्याला उपाय करायला हवा.

उपाय म्हणून मी बटनावर चिकटपट्टी लावली. दोन दिवसांत लाल अक्षरं. फोन केला तर म्हणाले, "पट्टी निघाली गा." मग मी तिन्ही बोर्डांवर कागद चिकटवले, 'हात लावू नये'. आमच्या कारखान्यात मोठ्या यंत्रावर असतात तसे. संध्याकाळी पुन्हा लाल. "चष्मा नव्हता," बाबा म्हणाले. आणि मग, "जेवला का?"

आता मला सांगा, जो माणूस शेजाऱ्याकडे आलेल्या पाहुण्याच्या पँटचं कापड खिडकीतून ओळखतो, त्याला चष्म्याशिवाय हातभर कागद दिसत नाही, ह्यावर कोणी विश्वास ठेवील? मी ठेवला.

वर्षा एकदा म्हणाली, "अहो, ते काय बोलतात ते ऐकता का तुम्ही? रोज बोलता म्हणून विचारते."

मी म्हटलं, बोलतो कुठं, दुरुस्ती करतो.

शेवटी एका संध्याकाळी माझा पारा चढला. त्या दिवशी कारखान्यात बाहेरची माणसं तपासणीला आलेली, साहेब डोक्यावर, आणि खिशात फोन थरथरला. लाल अक्षरं. मी बाहेर येऊन फोन लावला आणि बाबांनी "जेवला का" म्हणायच्या आत सुरू झालो.

"बाबा, तुमच्यासाठीच केलंय ना हे सगळं? कितीदा सांगायचं? आता परत बटन बंद केलंत तर मी फोनसुद्धा करणार नाही. बसा अंधारात."

"बरं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला. जेवला का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

हसू नका. इथून पुढं थोडं वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला आणि फोन थरथरला. बैठकीचा बल्ब सापडत नाही. मी दात आवळले. म्हटलं, आज फोन नाही म्हणजे नाही. एकदा कडक वागल्याशिवाय माणसाची सवय मोडत नाही. मी फोन पालथा ठेवला. तो पुन्हा थरथरला. ओसरीचा बल्ब सापडत नाही. मी म्हटलं, वायफाय गेलं असेल. पण वायफाय गेलं तर तिन्ही एकदम जातात, हे मला आता पाठ झालं होतं. तेवढ्यात तिसऱ्यांदा थरथरला. स्वयंपाकघर.

एक बटन म्हणजे सवय. दोन म्हणजे राग. पण तीन खोल्यांत फिरून, एकेक करून, म्हातारा माणूस घरातले सगळे दिवे का बंद करील? मी फोन लावला. पहिल्या घंटीला उचलणारे बाबा, पण घंटी वाजत वाजत थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

कमलाकाकूंना लावला. त्या भजनाला बसलेल्या, मागे टाळ वाजत होते.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीत. जरा बघता का?"

मी साहेबांना काय सांगितलं मला आठवत नाही. गाडी काढली आणि निघालो. कळमेश्वरहून नागपूर काही फार लांब नाही, पण त्या संध्याकाळी रस्ता संपेचना. समोर ट्रक, बाजूला ट्रक, आणि कानात माझंच वाक्य. बसा अंधारात. मी माझ्या बापाला असं म्हटलं होतं. बायको गेलेल्या माणसाला, तिन्हीसांजेच्या वेळी. हे आपलं त्यांच्याशी शेवटचं बोलणं तर नसेल, असं एकदा मनात आलं, आणि मग दुसरं काही मनात येईना. देवाला काय काय बोललो ते इथं सांगत नाही.

वाटेत काकूंचा फोन. "प्रमोद, दरवाजा बंद हाय. बहुत हाका मारल्या. आतून फोनची घंटी ऐकू येऊन राह्यली, पण उचलत नाई बापा."

दरवाजाला बाहेरून कुलूप होतं का? नव्हतं. कारण मीच आईनंतर, बाबांच्या सुरक्षेसाठी म्हणून, ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप बसवलं होतं. त्यामुळे माणूस आत आहे की बाहेर, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्याची एक किल्ली माझ्याकडे होती. ती त्या वेळी कळमेश्वरला, आमच्या फ्रिजवर होती.

मी पोचलो तेव्हा अर्धी गल्ली दारात. भजन तिथंच आलेलं, टाळांसकट. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला सब्बल घेऊन उभा होता, पण तोडायला धजत नव्हता.

"तुमची वाट पाहून राह्यलो, दादा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बापाचा दरवाजा हाय."

मी हाका मारल्या. खिडकीतून बघितलं, आत काळोख. फोन लावला तर आत मिणमिणता उजेड झाला, घंटी वाजली आणि थांबली. मी त्याच्या हातातून सब्बल घेतली. वीस वर्षं मी कारखान्यात लोकांना सांगत आलोय की आधी तपासा, मग हात घाला. त्या दिवशी काही तपासलं नाही. तीन-चार घाव घातले, खांदा दिला, चौकटीचं लाकूड फाटलं आणि मी दरवाज्यासकट आत गेलो.

अंधारात चाचपडत बोर्डाकडे हात नेला. माझीच चिकटपट्टी, माझाच कागद. तो बाजूला सारून बटन दाबलं. दिवा लागला.

बैठक रिकामी. खुर्चीवर घडी घातलेली शाल. मी स्वयंपाकघरात धावलो. तिथंही कोणी नाही. ओट्यावर एक ताट आणि ताटात दोन कपबश्या मांडलेल्या. गॅसवर चहाच्या गंजात पाणी, त्यात साखर घालून ठेवलेली. चहाचा डबा बाजूला, उघडा. मी त्या दोन कपांकडे बघत उभा राहिलो. मला काही कळेना.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "काय झालं गा? कोणाले काय झालं?"

मी दारात आलो. गर्दीच्या पार मागे, टाचा उंच करून, बाबा आपल्याच घरात काय झालं ते बघायचा प्रयत्न करत होते. हातात कागदाची पुडी, तेलानं डागाळलेली.

लोकांनी वाट दिली. बाबा पुढे आले. आधी त्यांनी दरवाजा पाहिला, मग माझ्या हातातली सब्बल पाहिली, मग माझा चेहरा. मी रडत होतो, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"कुठं होतात तुम्ही?" मी म्हटलं.

"आलुबोंडे आणाले गेलतो. तुले चौकातले आवडते ना. गरम निघाले वेळ होता, म्हटलं बसू. तुले बी याले टाइम लागनच."

"पण मी येणार, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

बाबांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "सांगाले काय पाहिजे? तिन्ही बटनं बंद केली ना मी."

कोणाचा तरी टाळ वाजता वाजता राहिला.

"एक बटन बंद केलं का तुहा फोन येते," बाबा समजावून सांगू लागले, मी त्यांना बोर्डासमोर उभं करून सांगितलं होतं तसंच. "काल तू म्हटलं, आता फोन करत नाई. म्हटलं ठीक हाय, तिन्ही बंद करून पाहू. फोन नाई तं माणूस येईन."

माझ्या तोंडातून निघालं ते हे, "बाबा, मी तुम्हाला किती दिवस सांगतोय, बटन बंद केल्यावर तो बल्ब चालत नाही."

"चालते ना गा," बाबा म्हणाले. "बंद केल्यावरच तं चालते. चालू असला का कोण विचारते?"

कमलाकाकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय करत होत्या, मला दिसलं नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

बाबांनी मोडलेल्या चौकटीवरून हात फिरवला. "हे मात्र तू सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "का दरवाजा बी फुटते."

मग गल्ली पांगली. भजन परत गेलं, वेल्डिंगवाला सब्बल घेऊन गेला आणि सकाळी कडी लावून देतो म्हणाला. आम्ही दोघं आत आलो. मी खुर्चीत बसणार, तोच बाबांनी बोर्डापाशी जाऊन दिवा बंद केला.

"आता काय?" मी म्हटलं.

"असा लावते का तिन्हीसांजेचा दिवा? सब्बल हातात घेऊन?" अंधारातून त्यांचा आवाज आला. "ये. लाव बरोबर."

मी उठून बटन दाबलं. दिवा लागला, बाजूला भिंतीवर आईचे कुंकवाचे हात दिसले, आणि आम्ही दोघांनी आपापले हात जोडले. खिशातला फोन थरथरला. बैठकीतला बल्ब सापडला, म्हणून कळवत होता.

मग बाबांनी चहा केला आणि आम्ही आलुबोंडे खाल्ले. ते गार झाले होते. दरवाजा काही लागेना, तेव्हा त्या रात्री मी तिथंच राहिलो. इतके दिवस तो माणूस रोज संध्याकाळी एक बटन बंद करून मला हाक मारत होता, आणि मी त्याच्या बटनावर चिकटपट्टी लावत होतो.

तेव्हापासून मी शहाणा झालो म्हणा. बुधवारी कारखान्यातून परस्पर नागपूरला जातो, रविवारी वर्षाही येते. आणि बाकीच्या दिवशी सूर्य कलायला लागला की लाल अक्षरांची वाट न बघता आधीच फोन करतो. जेवलात का, हेही आता मीच आधी विचारतो.

परवा असाच फोन केला. बाबांनी उचलला, पण आवाज जरा नाराज वाटला.

"प्रमोद, तुहा बल्ब बिघडला वाटते."

"का, काय झालं बाबा?"

"पयले बटन बंद करा लागे, तवा तुहा फोन ये. आता मी बोर्डाजवळ जायच्या आधीच येऊन राह्यला. एक डाव दुकानात दाखवून आण."